पत्र्यावरचा भोपळा, वसंता येईपर्यंत

१६ नोव्हें. ५८, रविवार
वसंता बेळगावच्या सत्याग्रहाला गेला. लालबागच्या नाक्यावर हार, कुंकू, घोषणा. मी रडले नाही. सुशीने, माझ्या सुनेने, दोघींच्या वाटणीचं रडून घेतलं. लग्नाला अजून वर्ष नाही झालं पोरीच्या. आणि लेकाने निघताना सांगितलं काय, तर "आई, माझा भोपळा सांभाळ. वेल सुकू देऊ नकोस. मी येऊन कापणार." कर्म माझं! आईला सांभाळ म्हणून बायकोला नाही सांगितलं, भोपळ्याला सांभाळ म्हणून मला!

१८ नोव्हें.
खाली गंजक्या पिंपात त्याने पावसाआधी बी टोचलं होतं. वेल मागच्या शेडच्या पत्र्यावरून आमच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीशी आली आहे. फळ एकच ठेवलंय, घागरीएवढं. तळमजल्यावरचे तात्या परब (मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवतात) म्हणाले, "बाई, दिवाळी झाली. वेलीचे दिवस भरले. काढा आता, मी कापून देतो." अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव पुरुषाने घालायचा अशी रीत, आणि आमच्या घरात आता दोघी बायकाच. म्हटलं, "तात्या, वर्गात इतकी वर्षं भोपळे देतेय, मला काय त्याची भीती?" पण वसंता मी कापणार म्हणून गेलाय. तेव्हा नाही म्हणजे नाही.

१ डिसें.
तीन महिन्यांची शिक्षा झाली. माफी मागितली असती तर सोडत होते म्हणे. मागणार नाही तो, माझ्यावर गेलाय.
पकडल्या दिवसापासून मोजायची, म्हणजे फेब्रुवारी. तोवर वेल कशी टिकायची?
सुशी म्हणाली, "टिकवूया." मालवणची पोर, तिच्या हाताला कळतं. पत्र्यावर डबे मांडले, वेलीचे सांधे त्यांत मातीखाली दाबले. नवी मुळं फुटली की वेलीला नवा जोर येतो. मासे धुतलेलं पाणी मुळाशी. नवी कळी दिसली की खुडायची, सगळं बळ एकालाच.
मी "केवढा झाला बघ" म्हणून बोट दाखवलं तर ओरडलीच. "आई, बोट दाखवू नका, कुसात तो!" मी मुलांना शास्त्र शिकवते, बोट दाखवून फळ कुजत नाही हे मला ठाऊक. पण बोट दुमडलं.

१४ डिसें.
गिरण्यांची काजळी. पानं काळी पडतात, मग पोसणार कशी? शाळेतून आले की ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसते. वसंताचं तोंड असंच पुसायचे, असाच मान फिरवायचा.
पत्र नाही.

२९ डिसें.
दव पडतंय. पानांवर पांढरी भुरी. सुशीने पातळ ताक शिंपडलं. भोपळा आता दोघींच्या कवेत मावत नाही. पत्रा करकरायला लागला तेव्हा तात्यांनी खालून टेकू दिला, मिलमधलं टाकाऊ सूत आणून गादी केली. शेजारच्या चाळींतून माणसं बघायला येतात, सगळी बोट दुमडून!

६ जाने. ५९
तात्या म्हणाले, सत्यनारायणाच्या जेवणाला भोपळा द्या, सगळ्या चाळीच्या तोंडी लागेल. माझं डोकंच फिरलं. "मुलगा दिलाय, आता भोपळाही न्या!" तात्या खाली गेले. संध्याकाळी त्यांनीच पिंपात स्वतःच्या घरातलं दोन बादल्या पाणी ओतलं, नळाला पाणी नसताना. माणूस चांगला आहे. मेली माझी जीभच वाईट...

२३ जाने.
पत्र नाही. तिकडून येणाऱ्या बातम्या बऱ्या नाहीत. आठवड्यात पानं पिवळी. ताक, राख, सगळं करून झालं. देठही सुकला. खिडकीत उभी राहून रडले. वेल गेली म्हणजे त्याचं काही... लिहवत नाही.
सुशी मागे येऊन उभी. "आई, देठ सुकलो म्हणजे भोपळो मरूक नाय. पिकलो."
मग तीही रडली.

२४ जाने.
उतरवला. खिडकीतून आत येईना! शिडी लावून चौघांनी खाली घेतला, जिन्याने वर. ठेवायचा कुठे? वसंताच्या खाटेवर. आम्ही दोघी जमिनीवर.

२१ फेब्रु.
सत्याग्रहींची तुकडी परत आली. स्टेशनवर प्रत्येक तोंड बघितलं. वसंता नाही.
त्याच्या बरोबरचा मुलगा भेटला. म्हणाला, उजवा हात मनगटात मोडलाय, नीट बसला नाही. त्याला तिकडेच इस्पितळात ठेवलंय. तुरुंगवाले पायरीवरून पडला म्हणतात, खरं काय ते तो येऊन सांगेल. कधी? "सांगता येत नाही, बाई." बोटं हलतात का विचारलं तर म्हणाला, मी बघितलं तेव्हा हलत नव्हती.
सुशीला सगळं सांगितलं. लपवायचं कशाला, नवरा आहे तिचा.

२२ फेब्रु., रविवार
तात्या आले. खाटेवरच्या भोपळ्याकडे बघितलं. मग हळूच, "बाई, पहिला घाव उजव्या हाताने लागतो. वसंताला आता... मी आहेच." मी ओरडले नाही या खेपेला. चहा दिला. म्हटलं, "तात्या, डावा हात आहे ना त्याला?"
"डाव्या हाताने? शुभकार्य, बाई!"
"माझ्या घरात चालेल."
तात्यांनी चहा संपवला, कोयता मागून घेतला. दुपारी धार लावून आणून दिला.
संध्याकाळी सुशी खाटेपाशी उभी. भोपळ्याकडे बघतेय, स्वतःचा डावा हात उचलून हवेत कोयता धरल्यासारखं करतेय.
"आई, ह्या अंगाक वळवया. डाव्या हाताक बरा पडात."
जड होता. दोघींनी मिळून वळवला.