बरोबर दोनशे मिलीग्रॅम

३ जून, सोमवार
प्रोबेशन संपायला तीन आठवडे उरले. आजपासून पाण्याचं टायट्रेशन माझ्याकडे. औषधाच्या पावडरीत पाणी किती, ते मोजायचं. अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की बॅच रोखायची. साहेब म्हणाले, सोपं काम आहे. सोपं म्हटलं की तिथेच हलगर्जीपणा शिरतो.
पद्धतीत लिहिलंय : सुमारे दोनशे मिलीग्रॅम घ्या, नेमकं वजन नोंदवा. 'सुमारे' कुणी लिहिलं कोण जाणे. विज्ञानात सुमारे काय असतं?
संकल्प : मी बरोबर दोनशेच घेणार.

४ जून
घेतलं. बरोबर दोनशे. अठरा मिनिटं लागली, मान आखडली.
सीनियर मॅडमना अर्धं मिनिट लागतं. चमच्याने उचलतात, तराजू दाखवेल ते लिहून टाकतात. एकशे ब्याण्णव, दोनशे अकरा, काहीही. वीस वर्षं नोकरी झाली की माणूस असा होतो. मी होणार नाही.
जाताना म्हणाल्या, अगं, तराजूपुढे संसार मांडलायस का? आटप, हवा लागते त्याला.
हवा सगळ्यांनाच लागते.

६ जून, सकाळी ११.४०
तराजू बिघडलाय. वजन दोनशेवर आणून हात बाजूला घेते, तर आकडा आपोआप वाढतो. दोनशे एक. चमच्याच्या टोकाने कण काढते. पुन्हा दोनशे. पुन्हा दोनशे एक. असं बावीस मिनिटं. शेवटी जिंकले.
पाणी आलं ०.८२ टक्के. गेल्या बॅचला मॅडमचं ०.३१ होतं. पुरवठादार आता भिजका माल पाठवायला लागलाय, दुसरं काय.

७ जून
मेकॅनिकने तराजू तपासला. ठणठणीत आहे म्हणाला. मी म्हटलं, मग आकडा वाढतो कसा? तो म्हणाला, मॅडम, तराजू वजन दाखवतो, वाढवत नाही. उद्धट आहे.

१० जून
बॅच माझ्या सहीने रोखली. चाळीस ड्रम. स्टोअरचे काका म्हणाले, पोरी, ठेवू कुठे हे? डोक्यावर? त्यांना दर्जाचं महत्त्व कुठून कळणार. पाय फार दुखतात. दिवसभर उभी होते.
घरी बाबांना सांगितलं, माझ्या एका सहीने चाळीस ड्रम थांबले. ते बराच वेळ हसत होते, आनंदाने. आमच्या घरात आजवर कुणी काही थांबवलेलं नाही. आईने विचारलं, पर्मनंटचं काय? म्हटलं, आता झाल्यातच जमा.

१२ जून
एकाच बाटलीतले दोन नमुने. एक ०.७४, दुसरा १.१२. दुसरा घेताना फोन आला होता, म्हणून जरा जास्त वेळ लागला, एवढाच फरक. निष्कर्ष : पावडर एकसारखी नाही. चार पानी रिपोर्ट लिहिला. साहेबांनी उभ्याउभ्या वाचला. घडी घालून खिशात ठेवला. भारावले असावेत.

१७ जून, सोमवार
चौकशी. साहेबांनी माझी वही मागवली. प्रत्येक वजनाची सुरुवात आणि शेवट मी मिनिटासेकंदासकट लिहिलेला. इतकी नीटस वही लॅबमध्ये दुसरी नाही, असं साहेबच म्हणाले.
मग त्यांनी आलेख काढला. आडवा वेळ, उभं पाणी. माझे सगळे ठिपके एका सरळ रेषेत. जितका वेळ पावडर उघडी, तितकं हवेतलं पाणी तिच्यात. तराजूचा आकडा त्यामुळेच वाढत होता. साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत बसली असतीस तर चिखल झाला असता.
मॅडमनी ताजी बाटली फोडली. एकशे सत्त्याण्णव मिलीग्रॅम. अर्धं मिनिट. ०.२९.
ड्रम तासाभरात हलले. काकांनी मला हात केला.
तरी रेषा फार सुंदर आली होती. हे कुणीच बोललं नाही.

१८ जून
झोप नाही. संकल्प : ठीक आहे, सुमारे घेईन. आज सुमारे घेतलं. एकशे नव्याण्णव आलं. इतक्या जवळ आलेलं बघवेना. एक मिलीग्रॅम आणखी घातलं. मॅडम मागेच उभ्या होत्या.

२१ जून, शुक्रवार
पत्र मिळालं. प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं.
घरी म्हटलं, मुदतवाढ मिळाली. बाबा म्हणाले, वा. मग थोड्या वेळाने म्हणाले, म्हणजे पर्मनंट नाही ना? म्हटलं, नाही.
आईने विचारलं, आणखी तीन महिने काय शिकवणार आहेत? म्हटलं, हात भराभर चालवायला. आई म्हणाली, ते तर मी तुला जन्मापासून सांगतेय.
मग जेवायला बसलो. सगळ्यात शेवटी मी उठले.