सानीच्या घाटातली हिरवी लँड रोव्हर

मी, मोकेते लेतूका, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार सानी टॉप, जिल्हा मोखोत्लोंग, लेसोथो, धंदा ड्रायव्हर (आता बंद), हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने सांगून लिहवून घेत आहे. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, डोक्यात नाही. मला कोणी दारू पाजलेली नाही, कोणी धमकावलेले नाही. अक्षर माझी नात पुलेंग हिचे, शब्द माझे. मी बोलेन तसेच लिहायचे, सुधारायचे नाही, असे तिला बजावले आहे.

याआधी मे महिन्यात केलेला कागद मी स्वतःच्या हाताने चुलीत घातला. त्यात माझा मुलगा तेफो याच्या मृत्यूबद्दल एक वाक्य होते. ते खोटे निघाले. तेच वाक्य मी एकोणीस वर्षे लोकांना सांगत आलो होतो. ते मागे घेण्यासाठी हा दुसरा कागद आहे. घरदाराची वाटणी त्याच्या ओघात येईल.

कलम १. मला माझी बायको मातेफो हिच्या शेजारी पुरावे, आणि माझी तपकिरी घोंगडी माझ्यावर घालावी, नवी आणू नये. आमच्याकडे सून आली की सासरचे तिला नवे नाव देतात, होणाऱ्या पहिल्या मुलाची आई म्हणून. माझ्या आईने हिला मातेफो म्हटले, मग दोन वर्षांनी तेफो झाला, तो तिला म्मे म्हणायचा आणि मला न्ताते. तेफो गेल्यावर ती सहा वर्षे जगली, आणि दुकानात, चर्चमध्ये, पाण्याच्या नळावर, कोणीही तिला हाक मारली की त्याचे नाव यायचे. मी तिला नुसते 'अगं' म्हणू लागलो. एकदा ती म्हणाली, "तू तरी नावाने हाक मार ना. तेवढंच त्याचं नाव कानावर पडतं." मला जमले नाही. याबद्दल तिची माफी मागायची राहिली.

कलम २. दगडी घर, दोन्ही गोल झोपड्या, खालचे शेत, एकतीस मेंढ्या आणि पोस्टातले पैसे हे सगळे पुलेंगला. माझ्या भावाचे मुलगे म्हणतील की मुलीच्या जातीला घर कसे. त्यांना सांगावे की तुमचे काका तीन वर्षे अंथरुणावर होते तेव्हा तुम्ही एकदा आलात, आणि तेही खोगीर मागायला. खोगीर त्यांना द्यावे. त्याचा पट्टा तुटका आहे, तो मी मुद्दाम शिवलेला नाही.

कलम ३. शेजारी खाबिसो मोहाले याला मी काही देत नाही. तीस वर्षे आम्ही एकाच घाटात गाडी चालवली, त्याची टोयोटा, माझी लँड रोव्हर. तो म्हणायचा, "म्हाताऱ्या, तुझ्या गाडीत बसण्यापेक्षा तिच्यामागून चालत यावं. ऊब तरी येते." मी म्हणायचो, "तुझी बंद पडली की शहरातून कॉम्प्युटर घेऊन माणूस येतो. माझी बंद पडली की मी शिव्या देतो आणि ती चालू होते." त्याच्यावर माझा राग आहे तो फक्त एका गोष्टीचा, ती कलम ७ मध्ये आहे, आणि तिच्यात दोष त्याच्यापेक्षा माझा जास्त आहे.

कलम ४. हिरवी लँड रोव्हर, सन १९६३ची, पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेली, आखूड. ही पुलेंगला, पण तिने तिची माहिती ऐकून मगच घ्यावी.

ही गाडी मी लोकरीच्या व्यापाऱ्याकडून घेतली. त्याच्याकडे आधी मी खेचरे हाकायचो. लोकरीचे गठ्ठे लादून घाट उतरायला दिवस जायचा, आणि एखादे खेचर दरवर्षी दरीत जायचे. मग त्याने गाडी आणली. तो म्हातारा गोरा संध्याकाळी तिच्या बॉनेटवर चहाचा मग ठेवून मला सांगायचा की ही शेतकऱ्याची गाडी आहे. मोठी लढाई संपली तेव्हा विलायतेत पोलाद मिळेना, अ‍ॅल्युमिनियम मात्र मिळत होते, म्हणून हिचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा. रंगसुद्धा विमानांसाठी केलेला हिरवा उरला होता, तोच फासला. अठ्ठेचाळीस साली पहिल्या गाड्या निघाल्या. नांगराला जुंपा, पंपाला जुंपा, मेंढ्या भरा, कशालाही नाही म्हणायची नाही. सगळे पत्रे सरळ, सगळे नटबोल्टने जोडलेले, म्हणजे हाताशी चार पाने-पकडी असलेला कोणीही माणूस ती उघडून परत जोडू शकतो. त्याला हे सांगताना फार आनंद व्हायचा. मला ऐकताना व्हायचा.

माझ्या हाती आली त्या वर्षी मी ती पूर्ण उघडली आणि परत जोडली. चार बोल्ट उरले, ते अजून डब्यात आहेत. या गाडीतून मी बाळंतिणी नेल्या, शिक्षक आणले, एकदा चर्चची सबंध घंटा वर आणली. बॅटरी मेली की हँडल फिरवायचे. हिवाळ्यात आतल्या लोकांना बाहेरच्यांइतकीच थंडी वाजते, म्हणून माझ्या गाडीत सगळे एकमेकांना चिकटून बसायचे आणि उतरताना ओळखीचे होऊन उतरायचे. २०१६च्या जानेवारीत रेडिओवर सांगितले की त्या जुन्या घडणीची शेवटची गाडी कारखान्यातून बाहेर पडली. त्या दिवशी मी जेवलो नाही. मापुलेंगने ताट झाकून ठेवले.

मापुलेंग म्हणजे तेफोची बायको, पुलेंगची आई. ती याच घरात राहिली. तेफो गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, माहेरच्यांनी दोनदा बोलावले, ती गेली नाही.

कलम ५. आता तेफोबद्दल. हे सावकाश लिही, पुलेंग.

लँड रोव्हरला मी नंतर पुढच्या दोन चाकांच्या मध्यावर मोकळे करता येणारे हब, म्हणजे हाताने फिरवायच्या चकत्या, बसवून घेतले होते. ते कारखान्यातून आलेले नव्हते, माझ्या कंजूषपणातून आले होते. कोरड्या सरळ रस्त्यावर खाली उतरून ते हाताने 'मोकळे'वर फिरवायचे, म्हणजे पुढची चाके नुसती फिरतात आणि पेट्रोल वाचते. घाटात जाण्याआधी परत 'लॉक'वर आणायचे, म्हणजे चारही चाके इंजिनाला जोडली जातात. विसरले तर आत बसलेल्याला कळत नाही. गिअरचा दांडा जिथे हवा तिथे असतो, इंजिन तसेच गुरगुरते, पण उतारावर गाडीला फक्त मागची दोन चाके धरून ठेवतात. बर्फात दोन चाके पुरत नाहीत.

म्हणून आमच्या घरात नियम होता. जो हब मोकळे करेल त्याने स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की उतरून चाकांशी गुडघे टेकायचे. दिसली नाही तर निघायचे. नियम मी केला, तेफोला मी शिकवला, आणि तो कधी चुकला नाही.

१५ जुलै २००३ रोजी मी मोखोत्लोंगहून कोरड्या रस्त्याने परत आलो. हब मोकळे होते. अंगात ताप होता. गाडी लावली आणि आत जाऊन झोपलो. सकाळी बर्फ पडलेला. खालून पीठ आणि रॉकेल आणायचे होते, फेरी माझी होती. तेफो दारात येऊन म्हणाला, "न्ताते, तुम्ही पडून राहा. मी दुपारपर्यंत येतो." मी म्हणालो, "ब्रेकला पाय लावू नकोस. पहिल्या गिअरात सोड, तीच उतरवेल." तो म्हणाला, "सात वर्षांचा असल्यापासून ऐकतोय." हे आमचे शेवटचे बोलणे.

वरून सातव्या वळणावर गाडी सुटली आणि खडकावर आदळून थांबली.

मी तापात उठून पोचलो तेव्हा पोलीस आलेले होते. मी पहिल्यांदा मुलाकडे पाहिले नाही, चाकांकडे पाहिले. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. दोन्ही हब लॉकवर होते. संध्याकाळी कोटाच्या खिशात हात घातला तर लाल चिंधी हाताला लागली. मी ती बांधलीच नव्हती. तरी मी मनाची समजूत घातली की पोराने आपणहून उतरून पाहिले असेल, फिरवले असतील. चारही चाके धरत असताना गाडी घसरली, म्हणजे त्याने ब्रेक दाबला. मला हे खरे असायला हवे होते, म्हणून मी ते खरे मानले. दफनाच्या दिवशी माझी बोलायची पाळी आली तेव्हा दोनशे माणसांसमोर मी म्हणालो, "मी त्याला शिकवलं होतं. त्याने ब्रेक दाबला."

कलम ६. गेल्या महिन्यात वकिलाकडे नेण्याआधी पुलेंग मला मे महिन्यातला कागद वाचून दाखवत होती. मापुलेंग चुलीपाशी मक्याचे पीठ घोटत होती. 'माझा मुलगा तेफो, ज्याने उतारावर ब्रेक दाबून आपला जीव घालवला' इथपर्यंत वाचून झाले आणि तिने भांडे खाली उतरवले.

"न्ताते, हे लिहू नका."

"सगळ्या घाटाला माहीत आहे ते."

"तोंडाने बोललात, मी ऐकून घेतलं. कागदावर नको. कागद उद्या पुलेंगची मुलं वाचतील."

"मग काय लिहू? हब लॉक होते. मी स्वतः पाहिलं."

"हब मी फिरवले."

मला वाटले मला नीट ऐकू आले नाही. ती माझ्याकडे न बघता बोलत होती, आमच्या सुना सासऱ्याशी बोलतात तशी, पण थांबली नाही.

"सगळ्यांच्या आधी मी पोचले होते. दोन्ही मोकळे होते. मला माहीत होतं, मोकळे म्हणजे काय ते, त्यानेच शिकवलं होतं. तो गेलेला होता, न्ताते. मी हात लावून पाहिलं. मग तुमचा विचार आला. तुम्ही येऊन चाकं बघाल आणि तिथूनच कड्यावरून जाल. म्मे एकट्या, पुलेंग दोन वर्षांची. म्हटलं, एक गेलाय तेवढा पुरे. म्हणून फिरवले."

"आणि मी कबरीवर बोललो तेव्हा?"

"तेव्हा उठून सांगणार होते. मग वाटलं, म्हाताऱ्याला जगायला काहीतरी धरायला लागतंय. धरू दे. तो काय, ऐकत नव्हता." तिने पळी भांड्यात ठेवली. "मी ऐकत होते."

एकोणीस वर्षे तिने मला रोज दोन वेळा वाढले. मला जिवंत ठेवण्यासाठी तिने जे केले, त्याचाच आधार घेऊन मी तिच्या नवऱ्याला नावे ठेवली. मला अजून कळत नाही की माणूस हे घेऊन कुठे जातो. मी रडलो. पुलेंगने हे लिहायचे नाही म्हटले, मी म्हटले लिही.

कलम ७. माझ्या त्या वाक्यामुळे घाटातले ड्रायव्हर सातव्या वळणाला 'तेफोचा ब्रेक' म्हणतात. नव्याला शिकवताना 'तेफो करू नकोस' म्हणतात. खाबिसोने हे सुरू केले. पुलेंग गाडी शिकत होती तेव्हा तिलाही एकाने तसेच बजावले, ही तेफोचीच मुलगी आहे हे त्याला ठाऊक नव्हते. ती घरी येऊन हसत सांगत होती आणि मग हसायची थांबली.

तरी मी आज्ञा करतो की माझ्या दफनाच्या दिवशी, जेवणाआधी, खाबिसोने पुढचे वाक्य गाडीतळापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तीनदा वाचावे. त्याचा आवाज मोठा आहे, तेवढा एकदा कामी येऊ दे. वाक्य असे: "१६ जुलै २००३ रोजी तेफो लेतूका याने काही चुकीचे केले नाही. हब त्याच्या बापाने मोकळे ठेवले आणि चिंधी बांधली नाही." हेच वाक्य तेफोच्या दगडावर कोरावे. खर्च मेंढ्या विकून करावा. त्या वळणाला आधी नाव नव्हते, यापुढेही नसावे.

कलम ८. घर मी मापुलेंगला देणार होतो. ती म्हणाली, "मला काही नको. घेतलं तर सही करता येणार नाही ना?" वकिलांनी सांगितले होते की ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. हे तिने ऐकून ठेवले होते. तिला साक्षीदारच व्हायचे आहे. म्हणून मी तिला काही देत नाही.

आमच्याकडे सून सासऱ्याचे नाव तोंडाने घेत नाही, हाताने लिहीत नाही. तिने साक्षीच्या ओळीत माझ्या नावाच्या जागी जे लिहिले असेल ते माझेच नाव समजावे आणि कोर्टाने अडवू नये.

ठिकाण: सानी टॉप. दिनांक: ९ सप्टेंबर २०२२.

सही: मोकेते लेतूका

साक्षीदार पहिला: मोकेते लेतूका यांनी माझ्यासमोर सही केली. वाक्य मी वाचेन, तीनदा. खाबिसो मोहाले, ड्रायव्हर

साक्षीदार दुसरी: तेफोच्या वडिलांनी माझ्यासमोर सही केली. मापुलेंग लेतूका