बाबांच्या सातशे बारा नोंदी

चांगहोदादा,

बाबा गेल्यानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला तू आत्यासमोर कॉम्प्युटरवरचा बीपीच्या नोंदींचा फॉर्म उघडलास. तो कोरा दिसला, तसा म्हणालास, "दोन वर्षं हिनं नुसतं बसून खाल्लं, बाबांचं बीपी एकदाही टिपलं नाही."

आज मी बघितलं. फॉर्म तूच बनवलास आणि त्यात 'फक्त नवीन नोंद' हा पर्याय चालू ठेवलास, म्हणून जुन्या नोंदी दिसत नव्हत्या. तो मी बंद केलाय. सातशे बारा नोंदी आहेत. शेवटची बाबा गेले त्या सकाळची. आत्याला तूच दाखव.

मी बुसानला चाललेय. कुकरमध्ये भात आहे, सूप गरम करून घे. चुसोकच्या सणाला माझं पान वाढू नकोस.

मीरान