तीन सारखे भाग

सोनाळा
माघ शुद्ध नवमी, रविवार

तीर्थस्वरूप मनकर्णाआत्यास (बाबांच्या आत्या त्या माझ्याही आत्याच) कोकिळेचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि आतोबांचा खोकला यांची चौकशी पुढे करते, कारण मागच्या पत्रातली एक ओळ आधी खोडायला हवी. मी लिहिले होते की मोठेबाबांची कृती पाहून नागपूरच्या प्राध्यापकांनी मान हलवली. हलवली हे खरे, पण आडवी हलवली. मी पुढच्या बाकावर खाली पाहत बसले होते. मोठेबाबांना मागून जे दिसले ते त्यांनी मला सांगितले आणि मी तुम्हाला कळवले. त्या ओळीवर तुम्ही शेगावात पेढे वाटल्याचे कळते. (वाटलेले पेढे परत मागता येत नाहीत, हे मला समजते.)

आता नीट सांगते. गणिताच्या स्पर्धेला बसणाऱ्यांसाठी विद्यापीठाने हा वर्ग भरवला आहे. अवघड प्रश्न कसा फोडावा, एवढेच तिथे शिकवतात. शिकवणारे नजीरसाहेब मूळ मलकापूरकडचे. फळ्यावर इंग्रजीत लिहितात आणि वाद निघाला की आपल्या वऱ्हाडीत येतात. एक प्रश्न लिहायचा, खुर्चीत बसायचे आणि कोणी उठेपर्यंत खिडकीबाहेर पाहायचे, अशी त्यांची रीत. अडलात तर प्रश्न लहान करून पाहा, तरी अडलात तर मोठा करून पाहा, असे ते सांगतात. मुलगी मी एकटी. नातीला एकटीला पाठवायचे नाही असे घरात ठरले, म्हणून मोठेबाबा सोबत येतात, फेटा बांधून शेवटच्या बाकावर बसतात, आणि मला प्रश्न विचारला की उत्तर तेच देतात. (बरोबर देतात. त्यामुळे जास्त अवघड होते.)

त्यांची कृती तुम्हाला ठाऊक आहे, पण आतोबांना सांगावी लागेल म्हणून लिहिते: नुसती पट्टी आणि कंपास घेऊन कोणत्याही कोनाचे तीन सारखे भाग करायचे. मोठीआई गेली, तिच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपास उचलला, तो इतक्या वर्षांत खाली ठेवलेला नाही. घरातले बाकीचे त्याला छंद म्हणतात. मी म्हणत नाही. मला अक्षरे त्यांनी शिकवली, पाढे त्यांनी शिकवले, आणि "असं काऊन?" असे विचारायलाही त्यांनीच शिकवले, दुसरे कोणी विचारू देत नसे.

नजीरसाहेबांनी त्यांना फार अदबीने सांगितले की हे होत नाही, असे पूर्वीच सिद्ध झालेले आहे. मोठेबाबा उभे राहिले. "तुमाले जमलं नाही, साहेब, म्हून कोनालेच जमत नाही काय?" साहेब म्हणाले, "गुरुजी, मले जमलं नाही ते येगळं. कोनालेच जमनार नाही, हे पक्कं झालं हाय." कोणी पक्के केले, असे मोठेबाबांनी विचारले, नाव परदेशी निघाले, आणि तिथेच आपण वाद जिंकला असे त्यांनी धरले. वर्ग हसला. मी हसले नाही, पण मागे वळूनही पाहिले नाही.

समारोपाला प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक प्रश्न परीक्षकांपुढे सोडवून दाखवायचा आहे. माझ्या आवडीचा कोणता, हे मोठेबाबांनी ठरवून टाकले. त्यांचा आवाज आता समोरच्या भिंतीपर्यंत पोचत नाही, म्हणून कृती त्यांची आणि तोंड माझे.

सुटीत इथे आल्यावर मी साहेबांचे ऐकले आणि प्रश्न मोठा केला. आपले खळे नुकतेच सारवून वाळले होते, ज्वारी अजून यायची होती. पाटीवर जे खडूच्या जाडीत लपते ते खळ्यावर लपणार नाही, असा माझा विचार. खुंट्या ठोकल्या, दोरी फिरवली, राखेच्या रेघा ओढल्या, आणि कृती एकही पायरी न गाळता केली. (मोठेबाबा तेव्हा घरात तापाने पडून होते.) शेण नेता नेता गोजरबाई थांबली. "काऊन वं कोकिळे, काय मोजून राह्यली?" मी खरे ते सांगितले, की तीन सारखे भाग करते आहे. आत्या, ज्या घरात तीन भाऊ आहेत त्या घरच्या मुलीने हातात दोरी धरून हे वाक्य बोलू नये. दुपारपर्यंत गावात आपली वाटणी होऊन गेली होती. विहीर कोणाला, हेही ठरले होते. दिवस मावळायच्या आत संग्रामपुराहून पुंजाजीकाका दमणी पळवत आले, बैल फेसाळलेले, मागे साक्षीला दोन माणसे. "मले इचारल्याबिगर वाटनी? मी मेलो काय, दादा?" बाबांना हसू फुटले, त्याने आणखीच बिघडले. काका तसेच खळ्यात उतरले, माझ्या हातातली दोरी ओढून घेतली, तिन्ही भागांना लावून पाहिली आणि ओरडले, "हे सारखे हायेत? मंधातला पाहा! मंधातला मोठा हाय! मंधातला कोनाचा?"

मी दोरी घेतली आणि स्वतः लावली. मधला मोठा होता. वीतभर. रात्र पडायच्या आत सगळे पुसून पुन्हा केले, कारण चूक माझ्या हाताची असावी असे मला फार वाटत होते. तीही वीतभर तशीच राहिली. आपल्याला हिस्सा कमी मिळणार अशी आधीपासून खात्री असलेल्या माणसालाच ती दिसावी, याला काय म्हणावे. बाबांनी काकांना समजावून जेवायला बसवले, काका हसलेही. पण हात धुताना त्यांनी हळूच पुन्हा विचारले, मधला कोणाचा.

बाबा म्हणतात, "राहू दे वं. म्हाताऱ्याले तेवढंच हाय." हे खरे आहे. पण मग परीक्षकांपुढे मी काय करू? जे खोटे आहे ते त्यांनीच शिकवलेल्या तोंडाने खरे म्हणू, की त्यांच्या डोळ्यांदेखत मध्येच थांबू? शिवाय मधल्या हिश्श्याची गावात चेष्टा चालू आहे. मोठेबाबा एकदा पारावर गेले की तिथे त्यांना ती ऐकावी लागेल. रोज सकाळी ते पडल्या पडल्या विचारतात, "पाठ झाली ना?" झाली आहे. शेवटच्या पायरीपर्यंत.

तुम्हाला कळावे एवढ्याचसाठी लिहिले. मी घाबरलेली नाही, आणि मला कोणाच्या मदतीची गरज नाही. आतोबांना अडुळसा द्यावा. गुडघा शेकत जावा.

तुमची,
कोकिळा

ता. क. मी घाबरलेली नाही असे वर लिहिले आहे. तेही खोडावे.

ता. क. आणखी एक. मोठेबाबांना 'निवृत्ती' म्हणून हाक मारणारे त्यांच्या थोरल्या बहिणीशिवाय, म्हणजे तुमच्याशिवाय, आता कोणी उरलेले नाही. एकादशी तिथे करावी आणि द्वादशीचे पारणे इथे येऊन फेडावे. बाबा शेगावला गाडी पाठवतील. येऊन समजूत घालू नये. ते खळ्यावरून परत येतील तेव्हा ओसरीवर नुसते बसलेले असावे. तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी मोडलेल्या रेघा मी नव्याने काढून ठेवल्या आहेत, आणि ज्वारी तोवर आणू नका असे बाबांना सांगितले आहे. मोठेबाबांना मी काही सांगणार नाही. दोरीचे एक टोक त्यांच्या हाती देईन आणि मधला भाग मोजायला लावीन. (शिकवताना तेही मला उत्तर सांगत नसत.) वैद्यांनी त्यांना गुरुवारपासून बाहेर पडायची मोकळीक दिली आहे. तेव्हा गुरुवारीच, माघ शुद्ध त्रयोदशीला, सकाळी.