आरशाचा की बिनआरशाचा

मी दोआन थी तुएत, वय एकाहत्तर, दिवंगत फोटोग्राफर ले वान विन्ह यांची पत्नी, राहणार सा देक, बाजारामागची नदीकडची गल्ली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. यकृत ठिकाणावर नाही, त्याचाही दाखला त्यांनीच दिला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. माझी दोन्ही मुले सध्या इतकी गप्प आहेत की थोडा दबाव आणला असता तर मला बरेच वाटले असते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे नदीवरचा ओटा. हे सर्व माझी मुलगी दिएप हिला द्यावे. ती घर सोडून गेली नाही, लग्न झाल्यावर नवऱ्यालाच इकडे घेऊन आली, आणि तोही बिचारा आमच्या घरात जिना उतरताना अजून चपला हातात घेतो. वरची नदीकडची खोली मात्र माझा मुलगा खोआ याची राहील. ती भाड्याने देऊ नये, तिच्यात तांदळाची पोती ठेवू नयेत. खोआ येवो न येवो, चादर महिन्यातून एकदा धुवावी.

२. सोने. माझ्या कपाटात जी वळी आहेत ती दोघांनी सारखी वाटून घ्यावीत. वाटताना भांडण झाले तर दोन्ही वाटे वॉर्डातल्या देवळाला द्यावेत. खरे तर शेजारच्या मुओय आजींना द्यायचे होते, त्यांना नव्वदी गाठायची आहे आणि सोन्याची हौस आहे, पण त्यांचे नाव खाली साक्षीदारांत आहे.

३. दुकानातले सामान. बसायचे स्टूल, दोन्ही पडदे, कॉलरला लावायच्या टाचण्या, आणि ज्यांच्याकडे चांगले कपडे नाहीत त्यांच्यासाठी ठेवलेला निळा आओ दाय दिएपने वापरत राहावे. तो निळा झगा या गावातल्या निम्म्या देव्हाऱ्यांवर आहे. जिवंतपणी एकमेकांचे तोंड न बघणारे लोक फोटोत एकाच झग्यात बसले आहेत, हे फक्त मला ठाऊक आहे, आणि ते कोण हे मी इथे लिहिणार नाही.

४. कॅमेरे. हे कलम लांबणार आहे. साक्षीदारांनी चहा मागवून घ्यावा.

आमचा धंदा देव्हाऱ्यावरच्या फोटोंचा. माणूस धडधाकट असताना येतो, नीट कपडे घालतो, समोर बघतो, आणि तो फोटो कपाटात ठेवून देतो. पुढे कधीतरी मुले तो बाहेर काढतात आणि त्याच्यासमोर उदबत्ती लावतात. आजारपणात काढलेला चेहरा कोणी देव्हाऱ्यावर ठेवत नाही. फोटोतल्याने समोर बघायला हवे, कारण घराकडे लक्ष ठेवायचे असते. दात दाखवू नयेत, रडवेलेही दिसू नये. हे वाटते तितके सोपे नाही.

विन्हचा डीएसएलआर आम्ही घरात 'आरशाचा' म्हणायचो. त्याच्या पोटात आरसा असतो. बटण दाबले की आरसा वर उडतो, खटॅक वाजते, आणि तेवढ्यापुरता फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यापुढे अंधार होतो. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो नेमका तोच त्याला दिसत नाही. तो मी बघायचे. कॅमेऱ्याशेजारी उभे राहून "श्वास धरा" म्हणायचे काम माझे, आणि खटॅक झाल्यावर "डोळे मिटले, पुन्हा" किंवा "झालं" हे सांगायचे कामही माझेच. विन्ह म्हणायचा, मी बोट आहे, डोळा तू. बाकी त्याने माझे कधी कौतुक केले नाही, म्हणून हे एक जपून ठेवले आहे.

श्वास धरायची पद्धत माझ्या सासऱ्यांच्या काळातली. तेव्हा कॅमेरे संथ होते, खोलीत उजेड कमी, माणूस हलला की चेहरा पुसट व्हायचा. पुढे कॅमेरे बदलले, पद्धत राहिली. सा देकची माणसे "श्वास धरा" म्हटले की श्वास धरतात आणि खटॅक ऐकल्यावरच सोडतात. मोबाइल समोर धरला तरी आमच्या गल्लीतले म्हातारे छाती फुगवतात.

खोआने आणलेला तो बिनआरशाचा. मिररलेस. त्याला डोळा लावला की आत छोटा टीव्ही दिसतो, आणि फोटो काढायच्या आधीच काढलेला दिसतो. समोरच्या माणसाचा डोळा तो आपला आपण शोधतो. कधीच अंधार होत नाही. आवाज करत नाही. मी एकदा त्यातून बघितले. समोर विन्ह बसला होता आणि आत विन्हचा फोटो दिसत होता. मला आवडले नाही, तसे मी बोलूनही दाखवले. खरे कारण वेगळे होते. त्या कॅमेऱ्याला शेजारी उभी राहणारी बायको लागत नव्हती.

तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाच्या, आधी आमच्या वॉर्डात म्हाताऱ्यांचे फोटो फुकट काढून देतात. त्या वर्षी विन्हचा हात थरथरत होता म्हणून देवळाच्या मंडपात खोआ उभा राहिला, आपला नवा कॅमेरा घेऊन. मी नेहमीप्रमाणे टाचण्या लावल्या आणि "श्वास धरा" म्हणाले. म्हाताऱ्यांनी धरला. खोआने फोटो काढला. खटॅक काही झाले नाही, म्हणून म्हातारे थांबले. खोआला वाटले छान बसलेत, त्याने आणखी काढले. मुओय आजी जांभळ्या झाल्या आणि स्टुलावरून माझ्या अंगावर कलंडल्या. त्या शुद्धीवर येऊन पहिले वाक्य बोलल्या ते असे, की फोटो चांगला आला असेल तर पुन्हा उठवू नका.

सगळे हसले. विन्ह हसला नाही.

"मुका कॅमेरा घेऊन म्हातारी माणसं मारायला निघालास?" तो सगळ्या वॉर्डासमोर म्हणाला.

"बाबा, आवाज चालू करता येतो," खोआ म्हणाला. "एक बटण आहे. मी विसरलो."

"म्हणजे खोटा आवाज."

"आवाज तर आवाज. त्यांना श्वास सोडायचं कळल्याशी कारण."

"आरसा नाही आणि आरशाचा आवाज. उद्या बाप नसेल तर बापाचा आवाज लावशील." मग विन्हने टोपी घातली. "माझ्या दुकानात एकच कॅमेरा राहील. कोणता ते तू ठरव."

खोआने ठरवले. संध्याकाळच्या बसने तो सायगॉनला गेला. आता तिकडे हॉटेलांसाठी नूडल्सच्या वाडग्यांचे फोटो काढतो. वाडग्याला श्वास धरा म्हणावे लागत नाही, एवढे त्याचे सुख. मी त्या दिवशी विन्हला बोलले आणि बसपर्यंत खोआच्या मागे गेले. दोघांनीही ऐकले नाही. दोघे एकाच साच्यातले, फरक कॅमेऱ्याचाच काय तो.

विन्ह गेला तेव्हा खोआ आला, डोक्याला पांढरी पट्टी बांधली, सगळे रीतीप्रमाणे केले आणि परत गेला. वर्षश्राद्धांना आला नाही. फोनवर दिएपला म्हणाला म्हणे, "ताई, पाहुणा म्हणून यायचं की मुलगा म्हणून, ते कळत नाही." दिएपने मला हे सांगितले आणि मासे साफ करायला बसली. दुकान तेव्हापासून तीच चालवते, विन्हच्या कॅमेऱ्याने.

तो कॅमेरा आता थकला आहे. आरसा मध्येच अडकतो. सायगॉनच्या कारागिराने सुटे भाग मिळत नाहीत म्हणून परत पाठवला. वजनाने दिएपचे मनगट सुजते. ती कधीची विचारते आहे, "आई, हाच रेटू का नवीन घेऊ?" मी दर वेळी भाजीचा विषय काढला. नवीन घे म्हणावे तर विन्हने पोराला उगीच घालवले असे म्हटल्यासारखे झाले असते, आणि विन्ह भिंतीवरून बघत असतो.

आता उत्तर देते. नवीन घे, बिनआरशाचा. हलका आहे, अंधाऱ्या खोलीतही चांगला निघतो, आणि डोळे मिटले की तुझे तुलाच दिसेल, कारण सांगायला मी नसणार. बॅटरी पटकन संपते, जादा ठेव. विन्हची भिंगे मध्ये एक कडी बसवून त्यावर चालतात असे खोआ म्हणतो, तेव्हा ती विकू नकोस. आवाज चालू ठेव. खोटा असला तरी चालेल. जुना आरशाचा कॅमेराही दिएपकडेच राहावा. तो देव्हाऱ्यावर ठेवू नये, तो काही पूर्वज नाही. आणि 'या दुकानात एकच कॅमेरा राहील' ही माझ्या पतीने घातलेली अट मी या मृत्युपत्राने रद्द करते. पती गेले त्या दिवसापासून मालक मी होते. या एका ओळीला मला इतकी वर्षे लागली, याचे मला वाईट वाटते.

५. साउ भावजी, पलीकडच्या फोटो दुकानाचे मालक. आमच्याकडे फोटो काढला की माणूस वर्षात जातो, ही आवई त्यांनी उठवली होती. त्यांना माझ्याकडून काय मिळावे याचा मी पुष्कळ विचार करून ठेवला होता. परंतु ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वॉर्डाच्या कचेरीत सांगितले. कायद्याचे आभार. अंत्यविधीला त्यांना जेवायला घालावे, वाजंत्रीवाल्यांना सल्ला देऊ देऊ नये.

६. अंत्यविधी. साधा करावा. मला तिकडे वापरायला कागदी घर, कागदी गाडी काय जाळायचे ते जाळा, पण कागदी कॅमेरा जाळू नका. तिकडे विन्ह आहे, त्याच्याकडे एक असणार, आणि त्या घरात दुसरा चालत नाही.

७. माझा फोटो. या गावाचे फोटो काढण्यात आयुष्य गेले आणि माझा काढायचा राहिला. कॅमेऱ्याच्या शेजारी उभे राहणारे माणूस फोटोत येत नाही. दुखणे कळल्यावर दिएपने खोआला फोन केला, आणि गेल्या महिन्यात तो आला. आजारपणाचा चेहरा नको हा नियम मीच गावाला शिकवला. तो मोडून मी स्टुलावर बसले.

मी म्हटले, दोघांनीही काढा. दिएप समोर विन्हचा कॅमेरा घेऊन उभी राहिली, खोआ बाजूला खिडकीशी. "श्वास धरा" म्हणायला कोणी नव्हते, म्हणून माझे मीच म्हटले. खटॅक झाले, मी श्वास सोडला आणि खोआकडे वळून विचारणार होते, की तू काढलास का. त्याआधीच तो म्हणाला, "झालं, आई." कधी झाले ते मला कळले नाही.

दोन्ही फोटो छापून टेबलावर ठेवले. दिएपचा जसा असायला हवा तसा आहे. समोर नजर, तोंड मिटलेले, कॉलर सरळ. खोआच्या फोटोत मी त्याच्याकडे बघते आहे. तोंड जरासे उघडे आहे. मी विचारणार होते 'काढलास का', पण तो चेहरा 'जाऊ नकोस' म्हणतो आहे. माझा चेहरा इतके बोलतो हे मला ठाऊक नव्हते. दिएपने तो फोटो बघितला आणि स्वयंपाकघरात गेली.

"आई, देव्हाऱ्यावर हाच लावायचा," खोआ म्हणाला.

"नजर समोर नाही त्यात."

"माझ्याकडे आहे ना."

मी म्हटले, लिहून ठेवीन. तेव्हापासून दोघेही गप्प आहेत. एकाचा निवडला की दुसऱ्याला वाटणार आपल्याला टाकले, हे मला कळते. तरी देव्हाऱ्यावर फोटो एकच असतो, म्हणून निवडते. हे दोघांसमोर मोठ्याने वाचले जाणार हेही मला ठाऊक आहे.

देव्हाऱ्यावर दिएपने काढलेला फोटो ठेवावा.

खोआ, तुझा फोटो चांगला आहे. इतक्या वर्षांत या दुकानात तसा निघाला नाही, आणि तुझ्या वडिलांनी बघितला असता तर ते टोपी घालून बाहेर निघून गेले असते, म्हणजे त्यांना आवडला असता. पण तो देव्हाऱ्यावर ठेवला तर तू दर तेतला, दर श्राद्धाला उदबत्ती घेऊन त्याच्यासमोर उभा राहणार, आणि मी दर वेळी तुला जाऊ नकोस म्हणणार. तुला तर संध्याकाळी जायचेच असणार. मेलेल्या आईने इतके लावून धरू नये. तो फोटो तुझा. ठेव, नाहीतर पुसून टाक. सुरकुत्या मात्र घालवू नकोस. आणि ये, मुलगा म्हणून ये.

दिएप, तुझा फोटो मी कमी प्रतीचा असून निवडला असे तुला वाटेल. तुझ्या फोटोतली बाई तुला रोज दिसायची तीच आहे, श्वास धरलेली, सगळे नीट लावलेली. रोज सकाळी देव्हाऱ्यावर पाणी तू ठेवणार आहेस, तेव्हा ओळखीची बाई बरी. पण तू स्वयंपाकघरात का गेलीस ते मला कळले आहे. खोआकडे बघते तशी मी तुझ्याकडे कधी बघितले नाही. तू कधी गेलीच नाहीस, म्हणून बघायचे राहून गेले.

वरील सर्व मी वाचून पाहिले, बरोबर आहे, आणि माझ्या मर्जीने सही करते.

दोआन थी तुएत (सही)

साक्षीदार:
१. फाम वान साउ, फोटो दुकानदार, शेजारी (सही)
२. न्गो थी मुओय, शेजारी (सही, आणि हात कापतो म्हणून अंगठाही)

स्थळ: सा देक
दिनांक: २० डिसेंबर २०२४, ड्रॅगन वर्षाच्या अकराव्या चांद्रमासाचा विसावा दिवस