खोडलेला रेझिस्टर

प्रिय धाकट्या,

पाकिटात काहीतरी टणक हाताला लागले असेल. ते आधी काढू नकोस. पत्र शेवटपर्यंत वाच. मी काही चुकीचे लिहिलेले असेल, अशी शंका तुला येणारच. शंका घेण्याचे शिक्षण तुला माझ्याकडूनच मिळाले आहे.

काचभट्टीच्या तापमापकाचे ते अ‍ॅम्प्लिफायर सर्किट तू विसरला नसशील. भट्टीची उष्णता जोखणाऱ्या थर्मोकपलच्या तारांतून येणारे नखाएवढे व्होल्टेज वाढवून द्यायचे, एवढेच त्याचे काम. माझ्या गणिताप्रमाणे दीड व्होल्ट यायला हवे होते. मी तपासले की बरोबर दीड. माझी पाठ फिरली की भट्टीवाल्याचा फोन, आकडा पावणेपाचवर! गणित माझे, म्हणजे ते चुकणार नाही. तेव्हा कुणीतरी हात घालत असणार. सर्किटच्या पेटीला हात लावणारे आपण दोघेच, आणि त्याच आठवड्यात तू पलीकडच्या कंपनीतल्या माणसाबरोबर चहा पिताना मला दिसलास. “ताई, मित्राबरोबर चहा प्यायलाही तुझी सही लागते का गं?” असे तू विचारलेस. मी कार्यशाळेची किल्ली मागितली. तू ती आपटली नाहीस, अलगद ठेवलीस. तेही मला नाटकच वाटले.

तू गेल्यावर मी कुलूप बदलले, पेटीला लाखेचे सील केले, वर सही केली. तिसऱ्या दिवशी सील शाबूत आणि आकडा पावणेपाच. मग चिप विकणारा, मग भट्टीवरचा वायरमन. संशय घ्यायला फक्त आई उरली होती. शेवटी भट्टीवाला हसत म्हणाला, “मॅडम, तुमचं यंत्र तुम्हाला टरकून आहे हो! तुम्ही समोर असलात की शहाणं, गेलात की उंडारतं.” मला राग आला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मी निघते तेव्हा त्या खोलीतून आणखी काय निघते? माझी पर्स, आणि व्होल्टेज तपासायचा माझा ऑसिलोस्कोप. त्याची अर्थिंगची क्लिप सर्किटवरून काढली आणि समोरच उभी राहिले. मी तिथेच होते, डोळे वटारून होते. तरी दीडचे पावणेपाच झाले.

थर्मोकपलचे टोक भट्टीला टेकलेले, भट्टी जमिनीला जोडलेली. आपले सर्किट मात्र बॅटरीवर, अधांतरी. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी लागणाऱ्या किंचितशा प्रवाहाला परतीची वाटच नव्हती. माझी क्लिप लागली की ती जमिनीतून आयती मिळायची, क्लिप निघाली की आकडा वर चढून बसायचा.

ती वाट करून द्यायला एक रेझिस्टर पुरे. तो आराखड्यात घालावा म्हणून जुनी फाइल काढली. तुझ्या पहिल्या आराखड्यात तो होता, नेमका त्याच जागी. त्यावर माझ्या लाल पेन्सिलीची फुली, आणि शेजारी माझ्याच अक्षरात: ‘अनावश्यक. विचार करून काढत जा.’ माझ्या फुलीवर वाद घालायचा नाही, हा नियमही माझाच. तू तो पाळलास.

हे सगळे मी भट्टीवाल्याला सांगितले आहे. नव्या आराखड्यावर रचनाकार म्हणून तुझे नाव घातले आहे. तपासणाऱ्याची चौकट कोरी आहे, कारण या वेळी रेघा माझ्या आहेत आणि तपासायचे तुला आहे. लाल पेन्सिल तुझ्या टेबलावर ठेवली आहे. पाकिटातली किल्ली नव्या कुलपाची आहे. माफी मागण्याचा मला सराव नाही, म्हणून किल्ली पाठवते आहे. त्या मित्राबरोबर चहा पिऊन आलास तरी चालेल. मी खिडकीतून पाहणार नाही. पाहिलेच, तर एकदाच.

तुझीच,
ताई