दोन मात्रा जास्त

सोमवार, ६ नोव्हेंबर

शनिवारी मुलगा येतोय. आणि येतोय तो कारखाना मोडायला!

कारखाना हा त्याचाच शब्द. बाहेरच्या खोलीतली लोखंडी मांडणी — वरच्या फळीवर टीव्ही, खाली अँप्लिफायर, त्याच्या खाली डीव्हीडी प्लेअर, तळाला कॅसेटचा डेक आणि मागे वायरींचं जंजाळ. हे सगळं जाणार. त्या जागी एक कॉम्प्युटर आणि त्याचा चपटा पडदा. गाणी, सिनेमे, आमच्या सगळ्या कॅसेटी त्याच्या पोटात मावतात म्हणे. एक रिमोट, की काम झालं.

फोनवर मी नुसतं हो, हो म्हटलं. मला माझं काही नाही. भीती वाटते ती हिची.

हिला विसरायला होतं. मुलाला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की नेईल तो तिला इथून. मग मी कुणाला कविता म्हणून दाखवू?

बुधवार, ७ नोव्हेंबर

(मंगळवारच आहे. ही म्हणाली. बरोबर आहे तिचं.)

इथे एकदा नीट लिहून ठेवतो. रोज संध्याकाळी पाचला आम्ही गाणी ऐकतो. कारखाना चालू करायला चार गोष्टी एकामागून एक कराव्या लागतात. क्रम चुकला की नुसती खरखर! दोनेक वर्षांपूर्वी हिचा क्रम चुकायला लागला, तेव्हा मी चार ओळी बांधल्या. चालीत बसवलेलं माणूस विसरत नाही. आमचे गुरुजी टेबलावर पट्टीने ठेका धरून पाढेसुद्धा चालीत घ्यायचे. पावकी, निमकी सगळी अजून पाठ आहे. तर —

आधी भिंतीवरती खटका
मग मोठ्याला हलका फटका
लाल दिव्याचा हिरवा होता
कान पिळावा तिनाकडे आता

मोठा म्हणजे अँप्लिफायर. त्याचा कान म्हणजे उजवीकडची गोल कळ. ती तीन आकड्यावर नेली की प्लेअरचा आवाज येतो. ही शेजारी उभी राहून एकेक ओळ म्हणते आणि मी त्याप्रमाणे करत जातो. तेवढाच तिच्या डोक्याला व्यायाम.

पण चौथी ओळ मला छळते. बाकीच्या तिन्हींत सोळा-सोळा मात्रा. हिच्यात अठरा! ‘तिनाकडे’ऐवजी नुसतं ‘तिनास’ घातलं असतं तर सोळाला सोळा. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली मी, एखादी वेलांटी सुटली तर जेवण जायचं नाही. आणि माझ्याच कवितेत दोन मात्रा जास्त? माझ्या हातून सुटल्याच कशा?

हिला सुधारून सांगायला गेलो तर म्हणते, “राहू द्या हो. मला अशीच पाठ झालीय.” छंदाचं अंग हिला पहिल्यापासूनच नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

गॅस चालूच. पातेलं काळं ठिक्कर, घरभर धूर. मी रागावलो. जरा जास्तच. ती पातेलं घेऊन मोरीपाशी घासत बसली. मग माझंच मला वाईट वाटलं. विसरणाऱ्यावर काय रागवायचं?

शुक्रवार, १० नोव्हेंबर

कपाटाच्या आत चिठ्ठी सापडली, हिच्या अक्षरात. ‘चष्मा वरच्या खणात.’ दाराच्या मागे दुसरी — ‘किल्ली घेतली का?’ स्वतःसाठी लिहून चिकटवते बिचारी. मी न बघितल्यासारखं केलं.

दोन वर्षांपूर्वी हिच्या विसरण्यासाठी गेलो होतो, त्या डॉक्टरबाईंकडची सकाळ आठवली. दोघं शेजारी शेजारी बसलो होतो. शंभरातून सात वजा करा, परत सात, परत सात. हिची फजिती नको म्हणून मीच भराभर उत्तरं देत होतो. त्र्याण्णव, शहाऐंशी… पुढे मी थांबलो तर हिच्या डोळ्यांतून पाणी. डॉक्टरबाईंनी हिच्या खांद्यावर हात ठेवला. मी जिन्यात म्हटलं, अगं, वजाबाकीच ती, त्यात रडायचं काय!

उद्या येतोय तो. मुलगा हुशार आहे, एका दिवसात ओळखेल. हिला पढवून ठेवलंय — त्याच्यासमोर फार हिंडू नकोस, मी सांगेन तेवढंच कर. “बरं,” म्हणाली.

शनिवार, ११ नोव्हेंबर

आला. पाठीवर सॅक, हातात खोकं. आल्या आल्या पाया… पाय धुवायलासुद्धा गेला नाही, आधी आईला घट्ट धरलं. मग मला. इतका वेळ कधी धरत नाही तो.

दुपारी दोघं स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलत होते. मी पाणी प्यायला गेलो तर गप्प! ती कांदा चिरत होती. डोळे पुसून म्हणाली, कांदा. त्याने कुठे कांदा चिरला होता? त्याचेही डोळे लाल.

सांगितलं वाटतं तिने सगळं.

रविवार, १२ नोव्हेंबर

नवा कॉम्प्युटर जेवणाच्या डब्याएवढा आहे. काळा. ना बटण, ना कळ, ना आवाज. हिने लगेच बारसं केलं, मुका! मुलगा हसला. म्हणाला, “बाबा, आता रोज पाचला एक मुका.” मी म्हटलं, या वयात? ही तोंडाला पदर लावून हसत सुटली. पुष्कळ दिवसांनी हसली.

मग रिमोट माझ्या हातात. पडद्यावर चौकोनच चौकोन. मुलगा सांगत होता, उजवीकडे जा बाबा, खाली, आता मधलं दाबा. मी दाबलं. भलतंच काही आलं, बर्फाचे डोंगर. परत. परत डोंगर! मी रिमोट हिच्या हातात दिला. म्हटलं, मला कशाला, हिलाच शिकव, हीच गोंधळते.

हिने हळूच इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि गाणं लागलं.

योगायोग. लहान मुलं लावतात तसं.

सोमवार, १३ नोव्हेंबर

डोंगर. आज दोनदा. मुलाने बघितलं.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

सांगून टाकलं. मुलगा कॅसेटी मुक्यात उतरवत बसला होता. त्यातली एक त्याच्या चौथीतल्या पाठांतराची, मागून मी ठेका देतोय. ती संपेपर्यंत थांबलो आणि म्हटलं — हे बघ, आईला विसरायला होतं, दोन वर्षं झाली. मी सांभाळतोय. तिला इथून नेऊ नकोस. मांडणी गेली तर ती कविता जाईल, आणि ती गेली तर पुढे काय काय जाईल, कोण जाणे. तिचं सगळं त्या चार ओळींवर उभं आहे.

तो बराच वेळ वायर गुंडाळत राहिला. गुंडाळलेली परत सोडली. मग माझं मनगट धरलं, रस्ता ओलांडताना मी त्याचं धरायचो तसं.

“कुणी कुणाला नेणार नाही, बाबा. आई इथेच आहे. तुम्ही घाबरू नका.”

मी घाबरतोय असं कुठे म्हटलं होतं मी?

बुधवार, १५ नोव्हेंबर

मुक्यात काहीतरी बदल केलाय. बरोबर पाचला आपोआप लागणार, कुणी हात लावायला नको. हिनेच तसं करायला सांगितलं म्हणे. म्हणजे हरली ती. कविता सोडली तिने.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

दुरुस्तीवाला येऊन सगळं घेऊन गेला. अँप्लिफायर या माणसाने तीनदा जिवंत केलेला. उचलताना त्यावरून हात फिरवून म्हणाला, “काका, असे आता बनत नाहीत.” माझ्याबद्दलच म्हणाला की काय, असं वाटून गेलं. भिंतीवर चार फिकट चौकोन राहिलेत.

दुपारी मुलगाही गेला. जिन्यातून दोनदा परत वर आला. एकदा मोबाईल राहिला म्हणून, एकदा काहीच राहिलं नव्हतं.

पाचला मुका आपोआप लागला. आणि ही — रिकाम्या मांडणीसमोर जाऊन उभी राहिली! माझ्याकडे वळून म्हणाली, “आधी भिंतीवरती खटका…” आणि थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

किती वाढलंय हिचं! यंत्र चालू झालंय, मांडणी रिकामी आहे, आणि ही कविता म्हणते. आणि दुसरी ओळ आठवेना तिला. मी सांगणार होतो. तेवढ्यात चष्म्यावर डाग दिसला, तो पुसत बसलो.

मग तिनेच म्हटली. अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. लहान मुलाला घास भरवावा तशी.

शनिवार, १८ नोव्हेंबर

दुरुस्तीवाल्याचा फोन आला, अँप्लिफायरचं माहितीपुस्तक आहे का. मांडणीच्या खणात होतं. द्यायच्या आधी चाळलं; सवय. शेवटी ‘नोंदी’ म्हणून दोन कोरी पानं. कोरी नव्हती.

पेन्सिल. हिचं अक्षर. कविता — खोडून, परत लिहून, परत खोडून. ‘टिचकी’वर काट, तिथे ‘फटका’. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर बारीक आकडे, लघु-गुरूंचे. सगळे बरोबर. वर तारीख, डॉक्टरबाईंकडे गेलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

चौथ्या ओळीत आधी ‘तिनास’च होतं. ते खोडलंय, आणि बाजूला लिहिलंय —

‘तिनास म्हटलं की ह्यांचा हात थांबतो. तिनाकडे म्हटलं की वळतो. दोन मात्रा जास्त होतात. होऊ देत.’

पावणेपाच झालेत. ती पहिली ओळ म्हणेल आणि थांबेल. दुसरी मला यायला हवी.